कळ, ठणका, चमक : शब्दाचा अर्थ राहतो कुठे?

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभा होतो. पुढची एक तरुण आई मागे वळून म्हणाली, "काका, मुलांना मराठी शिकवायला चांगला शब्दकोश कोणता हो?" तिचा मुलगा आपल्या मंडळाच्या रविवारच्या शाळेत जातो, धाकटी कडेवर होती. मी मोल्सवर्थचे नाव सांगितले, शिकागो विद्यापीठाने तो इंटरनेटवर फुकट ठेवला आहे हेही सांगितले. तेवढ्यात वरणभाताचे पातेले आले आणि बोलणे तिथेच थांबले.

घरी परतताना मात्र गाडीत काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहिले. माझे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. किती अपुरे, ते आमच्या घराला एकदा फार महागात पडून कळले आहे. ती हकीकत, आणि तिच्या निमित्ताने पुढे जे थोडेफार वाचत गेलो ते, आज वाचकांपुढे ठेवतो. मी भाषाशास्त्रज्ञ नाही. निवृत्त केमिकल इंजिनियर आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

१९९६ सालच्या उन्हाळ्यात माझी आई पुण्याहून आमच्याकडे न्यू जर्सीत आली होती. वय ७१. मी कंपनीच्या कामासाठी परगावी होतो, सौ. कामावर होती. घरी आई आणि आमची मुलगी, वय वर्षे १४. दुपारी आईला बरे वाटेना. शेजारच्या बाईंनी दोघींना गाडीत घालून इस्पितळात नेले. आईला इंग्रजी येत नव्हते आणि मराठीचा दुभाषा तिथे कुठून असणार? तेव्हा नातच दुभाषी झाली. डॉक्टरांनी विचारले, कुठे आणि कसे दुखते आहे? आई म्हणाली, "दुखत नाही गं बाळा. छातीत भरून आल्यासारखं होतंय, आणि जीव घाबरा होतोय." मुलीने सांगितले, "इट डझन्ट हर्ट. शी फील्स फुल. अँड शी इज स्केअर्ड."

दुखत नाही, पोट भरल्यासारखे वाटते, आणि म्हातारी परक्या देशात घाबरली आहे! अॅसिडिटीचे औषध देऊन आईला बाहेर बसवून ठेवले. चार तासांनी तिला दरदरून घाम फुटला तेव्हा कार्डियोग्राम काढला. हार्ट अटॅक होता. आई त्यातून वाचली, पुढे सहा वर्षे जगली. पण हृदयाचा जो भाग त्या चार तासांत गेला तो गेला. पुण्याच्या घराचा जिना तिला पुन्हा एका दमात चढता आला नाही.

त्या रात्री मी घरी पोचलो तेव्हा मुलगी जागी होती. तिने एकच प्रश्न विचारला : "बाबा, मी चुकीचं सांगितलं का?"

मी लगेच "नाही" म्हटले. पण मग चुकले काय, ह्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तिचा एकही शब्द कोशाप्रमाणे चुकला नव्हता. भरणे म्हणजे फुल, घाबरणे म्हणजे स्केअर्ड. शब्द पोचले, अर्थ वाटेत सांडला. मग अर्थ होता तरी कुठे?

इंजिनियरच्या सवयीप्रमाणे मी आधी कोशांपासून सुरुवात केली. विल्यम कॅरीने १८१० साली श्रीरामपूरला मराठी-इंग्रजी कोश छापला, त्यात मराठी शब्द मोडी लिपीत होते. १८२९ साली मुंबईत शास्त्रीमंडळींनी तयार केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' निघाला. कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ, त्याचे सहकारी कँडी बंधू आणि त्यांच्या हाताखालचे शास्त्री ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्यात सुमारे २५ हजार शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुमारे ६० हजारांवर गेले. मोल्सवर्थ वयाच्या सोळा-सतराव्या वर्षी हिंदुस्थानात आला आणि ह्या कामात त्याने प्रकृती झिजवली. परदेशी माणसाने आपल्या भाषेवर एवढे उपकार क्वचितच केले असतील. पण त्याचे शब्द आले कुठून? लोकांच्या तोंडून. शब्द कोशात जाण्यापूर्वी कुठेतरी जिवंत होता, आणि अर्थ तिथेच तयार झाला होता. कोश म्हणजे टाचणीला लावून ठेवलेले फुलपाखरू. रंग दिसतो, ते उडते कसे हे दिसत नाही.

हीच गोष्ट आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी पतंजलीने सांगून ठेवली आहे. महाभाष्याचा काळ साधारण इसवी सनापूर्वीचे दुसरे शतक. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्याचे मराठीत भाषांतर केले आहे, म्हणून आमच्यासारख्यांना ते वाचता येते. सुरुवातीलाच एक गमतीचा दाखला आहे. ज्याला घडा हवा असतो तो कुंभाराकडे जाऊन म्हणतो, मला घडा करून दे. पण ज्याला शब्द वापरायचा असतो तो वैयाकरणाच्या घरी जाऊन, मला शब्द करून द्या, असे काही म्हणत नाही. शब्द आधीपासून लोकांत असतात. व्याकरणाचे आणि कोशाचे पंडित मागाहून येतात.

त्याच ग्रंथात 'गाय' ह्या शब्दावर खल आहे. 'गाय' म्हटल्यावर काय समजायचे? गळ्याची पोळी, शेपूट, वशिंड, खूर, शिंगे असलेला समोरचा प्राणी, की सगळ्या गाईंना मिळून असलेले गाईपण? व्याडी नावाच्या आचार्यांचे मत, शब्द व्यक्तीला सांगतो. वाजप्यायनाचे मत, तो आकृतीला म्हणजे जातीला सांगतो. पण मला अडला होता तो प्रश्न त्याच्या पुढचा होता. अर्थ व्यक्ती असो की जाती, तो एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जातो कसा?

ह्याचे उत्तर मीमांसकांनी दिले, आणि ते वाचताना मला आमचे स्वयंपाकघर दिसले. शबरस्वामींच्या भाष्यात (इसवी सनाची पहिली काही शतके) प्रश्न आहे, शब्द आणि अर्थ ह्यांची गाठ कोणी मारून दिली? उत्तर असे : कोणी एकाने नाही. मोठी माणसे आपापल्या कामासाठी एकमेकांशी बोलतात आणि जवळची मुले ते ऐकून अर्थ उचलतात. ती मोठी माणसेही लहानपणी आपल्या मोठ्यांकडून अशीच शिकली, आणि ते मोठे त्यांच्या मोठ्यांकडून. ह्या साखळीला पहिली कडी नाही.

पुढे सातव्या शतकाच्या सुमारास कुमारिल आणि प्रभाकर ह्या दोघांच्या परंपरांनी ह्यावर कडाक्याचा वाद घातला. त्या वादातला नेहमीचा देखावा असा आहे. घरातला वडीलधारा दुसऱ्याला सांगतो, "गाय आण." दुसरा उठतो आणि गाय आणतो. कोपऱ्यातले मूल हे बघत असते. त्याला 'गाय' कळलेले नाही, 'आण' कळलेले नाही. त्याला कळते ते सगळे मिळून घडलेले काम. दुसऱ्या दिवशी ऐकू येते, "गाय बांध, घोडा आण." एक शब्द गेला, दुसरा आला, आणि त्याबरोबर कामही बदलले. अशा घाल-काढीतून मूल एकेक शब्द सुटा करते. सांगणारा तो उत्तमवृद्ध, करणारा तो मध्यमवृद्ध, आणि ह्या शिकण्याला नाव वृद्धव्यवहार.

ह्या चित्रात कोणीही मुलाला शिकवत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मूल प्रेक्षक आहे. बोलणे दोन मोठ्यांत चालले आहे, आणि त्या बोलण्याने खरोखर काहीतरी घडते आहे.

नंतरच्या नैयायिकांनी शब्दाचा अर्थ कळण्याचे आठ मार्ग मोजले. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या 'न्यायसिद्धान्तमुक्तावली'त ते येतात. व्याकरण, उपमान म्हणजे 'हे त्याच्यासारखे' असे सांगणे, कोश, आप्तवाक्य म्हणजे विश्वासू माणसाने सांगणे, व्यवहार, वाक्यशेष म्हणजे पुढच्यामागच्या मजकुरावरून उलगडणे, विवृती म्हणजे फोड करून सांगणे, आणि सिद्धपदसान्निध्य म्हणजे ओळखीच्या शब्दांच्या शेजारामुळे अनोळखी शब्द कळणे. आठांतला कोश एक. म्हणजे मी रांगेतल्या त्या आईला एक अष्टमांश उत्तर दिले होते.

पण माझी अडचण अजून संपली नव्हती. गाय सगळ्यांना दिसते. छातीत भरून येणे कोणाला दिसते? वेदना ज्याची त्याच्यापाशी. तिचे नाव दोघांत एक कसे होणार?

ह्या प्रश्नाने विसाव्या शतकात लुडविग विटगेनस्टाईनला छळले. त्याच्या मृत्यूनंतर १९५३ साली निघालेल्या पुस्तकात एक कल्पना आहे. प्रत्येकाजवळ एक डबी आहे, आणि तिच्यात जे आहे त्याला सगळे 'भुंगा' म्हणतात. दुसऱ्याच्या डबीत कोणालाच डोकावता येत नाही. मग डबीत वेगवेगळ्या वस्तू असतील, एखादी रिकामीही असेल; तरी 'भुंगा' हा शब्द लोकांत चालू शकेल. त्याचे म्हणणे असे की शब्दाचा अर्थ डबीतल्या गुपितावर ठरत नाही, तो शब्द लोक चारचौघांत कसा वापरतात त्यावर ठरतो. वेदनेविषयी तो सुचवतो, मूल लागल्यावर रडते, मोठी माणसे त्याच्याशी बोलतात, आणि हळूहळू रडण्याच्या जागी शब्द येतात. वाटले, हा तर आपला वृद्धव्यवहारच, फक्त व्हिएन्नाहून केंब्रिजमार्गे आलेला!

डॉक्टरांनाही हे शब्द रोग्यांकडूनच शिकावे लागले आहेत. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबरडेन ह्यांनी आपल्या सहव्यवसायी वैद्यांपुढे छातीच्या एका विकाराचे वर्णन वाचले. ते १७७२ साली छापले गेले. रोगी चालताना मध्येच थांबतात, छाती आवळल्यासारखी वाटते, जीव कासावीस होतो. ह्या आवळण्यावरून आणि घाबरेपणावरून त्यांनी 'अंजायना' हे नाव दिले. त्या लॅटिन शब्दात गळा आवळण्याचा भाव आहे. म्हणजे 'जीव घाबरा होतोय' हे भित्र्या बाईचे बोलणे नव्हते. दोनशे वर्षांहून जुने, नोंदलेले लक्षण होते.

कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे रोनल्ड मेल्झॅक ह्यांची गोष्टही अशीच आहे. पाय कापावा लागलेल्या एका वृद्ध बाई आपल्या दुखण्याचे वर्णन करायला इतके नेमके शब्द वापरत की त्यांना ते टिपून ठेवावेसे वाटले. त्यातून टॉर्गरसन ह्या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९७१ साली वेदनेच्या शब्दांची वर्गवारी प्रसिद्ध केली, आणि १९७५ साली ७८ शब्दांची, २० गटांत मांडलेली प्रश्नावली आली. रोगी शब्द निवडतो आणि डॉक्टरला दुखण्याचा स्वभाव कळतो. 'किती दुखते' ह्याबरोबर 'कसे दुखते' हेही विचारायचे असते, हे ह्या कामाने पक्के केले.

मराठीत अशी प्रश्नावली बसवायची तर शब्दांना तोटा नाही. दाढेत कळ येते, गळवाची ठसठस होते, पिकलेल्या बोटाला ठणका लागतो, कमरेत चमक किंवा उसण भरते, पोटात मुरडा येतो, पोटरीत गोळा येतो, खरचटलेल्यावर पाणी लागले की चुरचुरते, दळण उचलून हाताला रग लागते. हे सगळे 'पेन'! स्वित्झर्लंडचे भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर ह्यांनी संस्कृतातल्या षष्ठीच्या एका प्रयोगावर डॉक्टरेट केली होती. त्यांची जिनिव्हातली व्याख्याने त्यांच्यामागे १९१६ साली पुस्तकरूपाने निघाली. त्यांचे एक म्हणणे मला ह्या यादीमुळे पटले. शब्दाची किंमत शेजारच्या शब्दांवरून ठरते. कळ ही कळ आहे, कारण ती ठणका नाही आणि चमकही नाही. आई "दुखत नाही" म्हणाली ती ह्याच हिशेबाने. तिच्या शब्दांत 'दुखणे' हे एक घर होते आणि 'भरून येणे' हे पलीकडचे. आमच्या मुलीच्या मराठीत मात्र त्या गल्लीत एकच घर होते.

अलीकडे ह्या गोष्टी मेंदूतही पाहता येऊ लागल्या आहेत. २०१० साली प्रिन्स्टनमध्ये, आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, एक प्रयोग झाला. एका व्यक्तीने सांगितलेली गोष्ट ऐकताना ऐकणाऱ्यांच्या मेंदूतले चढउतार सांगणारीच्या मेंदूतल्या चढउतारांशी जुळत गेले. बहुतेक ठिकाणी थोडे मागून, आणि काही ठिकाणी तर आधीच! न समजणाऱ्या रशियन भाषेतली गोष्ट ऐकवली तेव्हा हे जुळणे जवळजवळ नाहीसे झाले. २०१६ साली बर्कलेच्या संशोधकांनी सात जणांना तासन् तास गोष्टी ऐकवून, अर्थाच्या कोणत्या गटाला मेंदूचा कोणता भाग जागा होतो त्याचा नकाशा काढला. अर्थ एका कप्प्यात बसलेला नसतो, मेंदूभर पसरलेला असतो. आणि त्या सात जणांचे नकाशे बरेचसे सारखे निघाले. सगळे इंग्रजीच ऐकत होते, हे मात्र ध्यानात ठेवायला हवे.

कॉम्प्युटरची गंमत आणखी वेगळी. ब्रिटनचे जे. आर. फर्थ ह्यांनी १९५७ साली मांडले होते की शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा. २०१३ नंतर ह्याच सूत्रावर कॉम्प्युटरने अफाट मजकूर वाचून शब्दांच्या अर्थांचे आकडे मांडायला सुरुवात केली, आणि आजची बोलकी यंत्रे त्याच वाटेने आली. नैयायिकांचा आठवा मार्ग, शेजारच्या शब्दांचा, एवढा रुंद कधी झाला नव्हता. आज ते यंत्र आईचे वाक्य कदाचित बरोबर उलटवील, आणि मला त्याचा आनंदच होईल. पण कोणाला ठणका लागला आहे हे ऐकून ते शेकायची पिशवी घेऊन उठत नाही. पाचवा मार्ग माणसांपाशीच आहे.

आता आमच्या घराकडे वळतो. मीमांसकांचा तो देखावा मनात ठेवून मी स्वतःला विचारले, आमच्या घरात मुलीने मराठी ऐकले ते कोणते? आम्ही तिच्याशी मराठीच बोलत होतो, ह्याचा मला अभिमान होता. पण काय बोलत होतो? जेव, झोप, अभ्यास कर, दार लाव. हे शब्द तिला चोख येत होते, कारण त्यांच्याबरोबर काम घडत होते. वेदनेचे मराठी तिला आमच्याकडून मिळाले ते 'बाऊ झाला का?' एवढेच. गुडघा फुटला की आम्ही फुंकर घालायचो आणि विषय संपायचा. आमची स्वतःची दुखणी आम्ही डॉक्टरांना इंग्रजीत सांगायचो आणि एकमेकांना मुले झोपल्यावर. माझी पाठ दोन वर्षे धरलेली होती. मुलीला ते पुढे कॉलेजात गेल्यावर कळले. मुलांना कशाला काळजी, असे आम्हांला वाटे. परदेशात आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हेच केले असेल. आपण दुखणी लपवली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही मुलांपासून लपले.

तेव्हा १९९६ सालच्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर मी मुलीला फार उशिरा, गेल्या वर्षी दिले. तिला म्हटले, "चूक तुझी नव्हती. 'भरून येतंय' असं कोणी म्हणालं आणि दुसरं कोणी धावलं, हे तू आपल्या घरात कधी पाहिलंच नव्हतंस. पाहिलं नाहीस ते सांगणार कुठून?" ती आता चाळिशीच्या पुढे आहे. थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बाबा, हे मला तेव्हा सांगायला हवं होतंत." तिचे बरोबर होते.

आमचे जावई गुजराती आहेत, त्यामुळे तिच्या घरी आपसांत इंग्रजीच चालते. चार वर्षांचा नातू शनिवारी आमच्याकडे असतो. आता आम्ही दोघे त्याच्यादेखत आपली दुखणी बिनदिक्कत काढतो. वय असे आहे की माल भरपूर आहे! मध्यंतरी सौ. म्हणाली, "अहो, गुडघ्याला ठणका लागलाय, जरा शेकायची पिशवी आणा." मी आणली. नातू बघत होता. पुढच्या आठवड्यात त्याच्या खेळातल्या ट्रकचे चाक निखळले, तर तो पिशवी मागायला आला : "आजोबा, ट्रकला ठणका." हसू आले. पण मग त्याला बसवून काही समजावले नाही. चाक बसवताना सौ.ला एवढेच म्हटले, "ट्रकचं चाक मोडलंय गं, स्क्रू दे." तिने दिला. त्याने तेही पाहिले. शब्द घाल-काढ होत होत जागेवर येईल. प्रभाकर मिश्रांची पद्धत न्यू जर्सीतही चालते असे दिसते.

रांगेतल्या त्या मुलीला (नाव विचारायचे राहून गेले) आता पुरे उत्तर देतो. मोल्सवर्थ जरूर घ्या, घरात असावाच. रविवारची शाळाही सोडू नका. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही दोघे एकमेकांशी मराठीत बोला, मुलांना ऐकू येईल इतक्या मोठ्याने. दमलात तर दमलो म्हणा, चिडलात तर मराठीत चिडा, कंबर धरली तर उसण भरली म्हणा, आणि दुसऱ्याने उठून तेल लावून द्या. मुलांकडे बघूही नका. ती बघत असतात.